अंधारात हिरवी रेघ ओढणारी गोम : तुमच्याकडे नेमकी कुठे दिसते?

सड्याखालची | ९ जुलै, रात्री ११:१०

गेल्या शनिवारी आमच्याकडे (गुहागर तालुका) संध्याकाळपासून वीज नव्हती. नऊच्या सुमारास मागच्या पडवीत गेले तर पायरीवर बोटभर लांबीची हिरवट रेघ. आधी वाटलं, कुठून तरी उजेडाची तिरीप आली असेल. मग रेघ हलली. खराट्याने बाजूला सारायला गेले तर खराट्याचे हीरच टोकाशी चमकायला लागले! पायरीवरही जिथे जिथे खराटा टेकला तिथे तिथे उजेडाचे ठिपके. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, गोम असेल ती. मारू नको, आपली आपण जाते."

विजेरी लावून पाहिलं. दोन-अडीच इंचांची, सुतळीसारखी बारीक, पिवळसर तपकिरी, पाठीवर गडद पट्टा. विजेरीच्या उजेडात अगदीच साधी दिसते, तिच्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटणारही नाही.

पावसाळ्यात आम्हाला ती दर वर्षी दोन-चारदा दिसते, त्यामुळे यंदा मन लावून वाचलं. आपण जिला घोण म्हणतो ती मोठी, चावरी. ही तिची लांबची बहीण. मातीत राहणाऱ्या, डोळेच नसलेल्या गोमांचा एक मोठा गट आहे, त्यांतली ही. शास्त्रीय नाव ऑर्फनियस ब्रेव्हिलॅबिएटस. जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत तिची नोंद आहे.

पण "उष्ण प्रदेशांत सर्वत्र" म्हणजे काय? आमच्या अंगणात सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगाखाली आहे, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांमध्ये आहे. पाचशे पावलांवर सडा (उघड्या कातळाचं पठार) सुरू होतो, तिथे कातळावरचे दगड उलटून मी तीन पावसाळे शोधते आहे, एकदाही सापडली नाही. मला हे "सर्वत्र" घरोघरच्या पातळीवर समजून घ्यायचं आहे. तुम्ही पाहिली असेल तर गाव, जागा (वाडी, जंगल, शेत, घर), कशाखाली होती आणि महिना कोणता, एवढं लिहाल का? पाहिली नसेल तर तेही लिहा. मला दोन्ही हवं आहे.

---

चिखलपाणी | ९ जुलै, रात्री ११:३८

देवरुखजवळ. लहानपणी दर पावसाळ्यात. न्हाणीघराच्या मागे, जिथे सांडपाणी केळींना जातं तिथे. वेगळं नाव आमच्याकडे ऐकलं नाही, गोमच म्हणतात. आजोबा म्हणायचे, उजेड दिसला की पाय उचलून टाका. किती वर्षांनी आठवलं हे!

---

रानमांजर | १० जुलै, सकाळी ७:०५

लेखन आवडलं, पण मला शंका आहे. पावसाळ्यात जमिनीवर जे हिरवं चमकतं ते बहुतेक वेळा काजव्याची अळी असते. जूनमध्ये मी राजमाचीच्या वाटेवर असंख्य पाहिल्या आहेत. अंधारात लांबी-रुंदीचा अंदाज चुकतो, आणि दिवा लावल्यावर शेजारची भलतीच गोम दिसली असंही होऊ शकतं. शिवाय भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी असते. खराट्याला बुरशी लागली असेल तर?

---

सड्याखालची | १० जुलै, सकाळी ९:२०

@रानमांजर, शंका रास्त आहे. पहिल्या वर्षी मलाही हेच वाटलं होतं. पण तीन फरक अगदी स्पष्ट दिसतात. काजव्याच्या अळीचा उजेड शेपटाकडच्या दोन ठिपक्यांपुरता असतो, हिचा अंगभर पसरलेला, लांबट. बुरशी जागची हलत नाही आणि रात्रभर तेवढीच मंद तेवत राहते. ही डिवचल्यावरच पेटते आणि थोड्या वेळात विझते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिचा उजेड पुसला जातो. तो अंगातून बाहेर पडणाऱ्या चिकट द्रवात आहे. बोटाला लागला तर बोट चमकतं. काजव्याला हात लावून हात कधी चमकत नाही.

---

कुळागर | १० जुलै, दुपारी १:१५

फोंडा तालुका, गोवा. घरामागे माडा-पोफळींचं कुळागर आहे. मला ही पावसाळ्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त भेटते, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. कारण सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आसपासचा डोंगर वाळून जातो, पण कुळागराला पाटाचं पाणी चालू असतं. पोफळीची विरी (झावळीचा रुंद देठ) गळून पडते, तिच्याखाली बारा महिने ओल राहते. विरी उचलली की गोगलगायी, गांडुळं, वाणी (मिलिपीड) आणि ही. दिवसा उजेडाचा पत्ता लागत नाही, म्हणून दोनदा टोपलीत घालून काळोख्या खोलीत नेऊन खात्री केली आहे. काडीने हलकं डिवचलं की पोटाखालून उजेड.

पाट जिथे संपतो तिथे काजूची लागवड सुरू होते. काजूखाली पातेरा (पालापाचोळा) भरपूर आहे, पण कोरडा. तिथे कधीच नाही. माझं मत असं की हिला झाड कोणतं याच्याशी देणंघेणं नाही, ओल मोडता कामा नये एवढंच.

---

जोंधळा | १० जुलै, दुपारी ३:४०

सोलापूर जिल्हा. "नाही" ही नोंद घ्या. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा. नांगरटीत घोणी निघतात, विंचू निघतात. बारीक तांबूस गोमा पहिल्या पावसानंतर विहिरीच्या कडेला दिसतात, पण चमकणारी कधी पाहिली नाही, वडिलांनीही नाही. साठ वर्षं शेतात रात्री दारी धरलेला (पिकाला पाणी दिलेला) माणूस आहे तो, चमकणारं काही असतं तर सांगितलं असतं.

घोण आणि गोम यांत नेमका फरक काय ते कुणी नीट सांगेल का? आमच्याकडे लहानीला गोम आणि मोठीला घोण म्हणतात, इतकंच.

---

भिंगवाला | १० जुलै, रात्री १०:०२

@जोंधळा, तुमच्याकडचा भेद पुष्कळसा बरोबरच आहे. थोडं विस्ताराने लिहितो, कारण विषय माझ्या जिवाभावाचा आहे.

आपण घोण म्हणतो ती स्कोलोपेंड्रा आणि तिच्या कुळातल्या. पायांच्या २१ किंवा २३ जोड्या, जाड अंग, वेगवान, चावा जहरी. दख्खनच्या घोणींवर जांगी आणि दास यांनी १९८४मध्ये मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं. मातीतल्या गोमांचा गट जिओफिलोमॉर्फा. 'जिओफिलस' म्हणजे मातीवर प्रेम करणारी. यांना डोळे नसतात, अंग दोऱ्यासारखं, पाय खूप आणि आखूड. घोण पळते, ही गांडुळासारखी अंग आखडत-ताणत मातीच्या फटीतून सरकते. मागेही तितक्याच सहज जाते. पुढून आडवलं तर वळायला जागा नको, सरळ उलट चालू लागते.

पाठीवरचा गडद पट्टा, मधल्या भागात रुंदावणारं चपटं अंग, छोटं डोकं आणि चमकणारा स्राव, हे सगळं ऑर्फनियसशी जुळतं. ब्रेव्हिलॅबिएटस म्हणजे आखूड ओठाची. जॉर्ज न्यूपोर्ट यांनी १८४५मध्ये हे नाव दिलं, आणि त्या नावातच अडचणही आहे : तो ओठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. चमकणाऱ्या मातीतल्या गोमा जगात आणखीही आहेत. म्हणून "चमकली म्हणजे हीच" असं ठरवू नये. नोंद करताना "चमकणारी गोम, पाठीवर पट्टा आहे/नाही" असं लिहावं, नाव नंतर.

उजेडाबद्दल : प्रत्येक वलयाच्या पोटाकडच्या बाजूला ग्रंथी असतात. द्रव बाहेर आला आणि त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की रासायनिक क्रिया होऊन निळसर हिरवा प्रकाश पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. आता विचार करा, हिला स्वतःला डोळेच नाहीत. म्हणजे हा दिवा जोडीदाराला खुणावण्यासाठी नाही, तो धरणाऱ्यासाठी आहे. मुंगीने धरली, बेडकाने तोंड घातलं, की चिकट झगझगीत द्रव त्यांच्या तोंडाला.

---

गोष्टवेल्हाळ | १० जुलै, रात्री १०:४७

भिंगवालादादा, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती विचारतेय, जिला दिसत नाही तिने दिवा का बाळगावा हे तर कळलं, पण मग तो आपल्यासाठी आहे का? मी हो म्हणाले.

एक भीती मात्र विचारते. आमच्या लहानपणी जमिनीवर झोपलं की आजी कानात कापूस घालायची, गोम शिरते म्हणून. खरंच शिरते का?

---

ओपीडी | ११ जुलै, सकाळी ६:३०

शिरते, पण क्वचित. कानात झुरळ किंवा बारीक किडा गेलेले रुग्ण त्याहून किती तरी जास्त येतात. गोम मुद्दाम कान शोधत नाही. अरुंद, ओलसर, काळोखी फट दिसली की ती आत सरकते, इतकंच. शिरली तर काडी, पिन, चावी काहीही घालू नका. कानाचा पडदा शाबूत असेल, पूर्वी कान फुटलेला नसेल, तर कोमट खोबरेल तेलाचे थेंब घालून किडा शांत करता येतो, आणि मग कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जायचं. कान फुटलेला असेल तर काहीही न घालता थेट डॉक्टर.

ही बारीक गोम चावून त्रास झालेला रुग्ण मी तीस वर्षांत पाहिलेला नाही. घोण चावलेले मात्र कोकणात पावसाळाभर येतात. जागा साबणाने धुवा, सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, धाप लागली किंवा चेहरा सुजला तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. आणि हा चमकणारा द्रव हाताला लागला तर डोळे चोळू नका, हात धुवा. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण चमकणारं बोट डोळ्याजवळ नेण्याचा मोह मुलांना होणारच.

---

उत्तर_समुद्र | ११ जुलै, दुपारी २:२५

इथे स्कॉटलंडमधून लिहितोय. तुमच्या "पाचशे पावलांवर नाही" या वाक्यावर मी थांबलो, कारण इथल्या एका मातीतल्या गोमेची गोष्ट हुबेहूब हीच आहे, फक्त पट्टा आणखी अरुंद.

तिचं नाव स्ट्रिगामिया मॅरिटिमा. राहते मात्र समुद्रकाठच्या गोट्यांखाली. भरतीची रेषा, जिथे कुजकं शेवाळ साचतं, तिच्या आसपास. स्कँडिनेव्हियापासून ब्रिटन, आयर्लंड आणि पुढे फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत हिचा वावर, पण सगळीकडे तो असा किनाऱ्याला चिकटलेला. नकाशावर हजारो मैलांची रेघ, आणि प्रत्यक्षात काही पावलांची रुंदी. गोटे हवेत, त्यांच्यामध्ये फटी हव्यात, खाली ओल हवी. नुसत्या वाळूच्या किनाऱ्यावर शोधून उपयोग नाही. मी हिवाळ्यात एकाच दगडाखाली तीसेक तांबूस गोमांचा गुंता पाहिला आहे, लोकरीच्या गुंड्यासारखा. रात्री त्या खाली उतरून बार्नाकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव), छोटे शिंपले-गोगलगायी आणि सँडहॉपर नावाचे उड्या मारणारे कवचधारी किडे खातात.

स्कॉटलंडच्या ब्रोरा इथल्या किनाऱ्यावर तर ही अमाप आहे. संशोधकांनी तिथूनच ती गोळा केली आणि २०१४मध्ये हिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. गोम, वाणी यांच्या अख्ख्या गटातला तो पहिलाच. त्यात प्रकाश ओळखणारी नेहमीची जनुकं सापडली नाहीत, आणि दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारीही नाहीत. मातीत राहून राहून दिवस-रात्रीचा हिशोबच सोडून दिलेला प्राणी.

आणखी एक. दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर हिच्या पायांच्या जोड्या सरासरीने जास्त असतात, उत्तरेकडे कमी. अंडी उबदार तापमानात वाढवली तरी जोड्या वाढतात. म्हणजे कुठल्या किनाऱ्याची, याची थोडी खूण पायांतच.

---

गोष्टवेल्हाळ | ११ जुलै, दुपारी ४:१०

पायांवरून हवामान कळतं! मग गोमेचे नक्की पाय किती? लेकीने वहीत १०० लिहिलेत.

---

भिंगवाला | ११ जुलै, रात्री ९:३५

लेकीला सांगा, पूर्ण वाढलेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात : १५, २१, २३, पार १९१पर्यंत. शंभर पाय म्हणजे ५० जोड्या, सम आकडा. म्हणून नाव 'शतपाद' असलं तरी बरोबर शंभर पायांची गोम मिळायची नाही.

आपल्या चमकणारीला सत्तरच्या आगेमागे जोड्या असतात, एकाच गावातल्या दोन गोमांतही आकडा वेगळा असू शकतो. याउलट मातीत खणताना जी तांबड्या, लांबट डोक्याची, पिवळट अंगाची गोम निघते (@जोंधळा, तुमच्या विहिरीकाठची बहुधा हीच), ती मेसिस्टोसेफॅलस. तिच्या बहुतेक जातींत जोड्या ४९. कोकणात काढा, श्रीलंकेत काढा, ४९. मातीतल्या गोमा अंड्यातून निघतात त्या पायांची सगळी संख्या घेऊनच. आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस हलत नाही. ढेकूळ उलटताना असं वेटोळं दिसलं तर कृपा करून ढेकूळ तसंच परत ठेवा. डिवचलेली आई कधी कधी अंडी सोडून जाते.

---

जोंधळा | ११ जुलै, रात्री ९:५८

तांबडं डोकं, पिवळं अंग. अगदी तीच. वडिलांना सांगितलं. म्हणाले, "मग तिला उगीच मारत होतो."

---

विषुववृत्त | १२ जुलै, सकाळी ८:१२

सिंगापूर. माझी नोंद : राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर शोभेची झाडं लावलेला वाफा आहे, त्यात कुजक्या लाकडाचे तुकडे पसरलेले. रात्री पाऊस थांबल्यावर फरसबंदीवर आलेली पाहिली. चप्पल घासली गेली आणि चपलेच्या तळाला हिरवी रेघ. इथे पाऊस बारा महिने, त्यामुळे महिन्याला अर्थ नाही.

माझं माहेर मालवण. तिथे माडाखाली पाहिलेला उजेड इथे काँक्रीटवर पाहिला तेव्हा घशात काही तरी दाटून आलं, एवढं लिहिते.

---

काकडआरती | १२ जुलै, सकाळी १०:४४

सगळं छान, पण यातली खरी गोम कुणी सांगतच नाही. जी पाटापलीकडच्या काजूबागेत जात नाही, पाचशे पावलं चढून सड्यावर जात नाही, ती मालवणलाही आणि सिंगापुरातही कशी? उडता येत नाही, पोहता येत नाही.

---

तांबडी_माती | १२ जुलै, दुपारी १२:३०

@काकडआरती, ती गेली नाही, तिला नेलं. आणि तिला नेणारे आपणच.

याची एक जुनी गंमतीदार कथा आहे. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५८मध्ये आपल्या 'सिस्टिमा नॅचुरे' ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत एका चमकणाऱ्या गोमेला स्कोलोपेंड्रा फॉस्फोरिया असं नाव दिलं (तेव्हा सगळ्याच गोमा स्कोलोपेंड्रा). ठिकाण काय लिहिलं? हिंदी महासागरात, किनाऱ्यापासून शंभर मैलांवर, जहाजावर आकाशातून पडली! माहिती देणारा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान, कार्ल गुस्ताफ एकेबर्ग. काळोख्या रात्री डेकवर अचानक उजेडाची रेघ दिसली, मग वरून पडली असंच वाटणार. मला विचाराल तर ती जहाजातच होती. पाण्याच्या पिंपाखाली, सरपणात, नारळाच्या ढिगात, कुठल्या तरी कुंडीत. रात्री दमट हवेत बाहेर आली आणि कुणाच्या तरी पायाखाली घासली गेली.

त्या काळातली जहाजं आठवा. माल नसेल तेव्हा तोल सांभाळायला तळाशी दगड-माती भरत, आणि दुसऱ्या बंदरात ती उपसून टाकत. नारळ सोडणासकट जात. १८३०च्या दशकापासून वॉर्डच्या काचपेट्या आल्या, त्यांत रोपं मातीसकट महिनोन्‌महिने जिवंत राहत. चहा, रबर असल्याच पेट्यांतून समुद्रापार गेले. मुठीएवढ्या ओल्या मातीत आणि सोडणाच्या काथ्यात मजेत राहणाऱ्या, गांडुळं-अळ्या खाणाऱ्या प्राण्याला आणखी काय हवं? आज श्रीलंका, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान, जपानची दक्षिणेकडची बेटं, सेशेल्स, थेट हवाईपर्यंत हिच्या नोंदी आहेत. यांतली कितीतरी बेटं कुठल्याही खंडाला कधी जोडलेली नव्हती.

म्हणून तुमच्या सड्याचं कोडं मला असं दिसतं : ही सड्यावर जात नाही कारण सड्यावर कुणी माती नेत नाही. वाडी ते वाडी माती जाते, रोपं जातात, शेणखत जातं. तिचा भूगोल हा आपल्या रोपांच्या देवघेवीचा भूगोल आहे.

---

सह्यशिखर | १२ जुलै, रात्री ८:२०

वरचा प्रतिसाद सुंदर आहे, पण मी असहमती नोंदवतो. हा धागा पुन्हा वाचा. नोंदी कुठल्या? पडवी, न्हाणीघर, कुळागर, इमारतीचा वाफा. आपण रात्री जिथे वावरतो तिथल्याच. आंबोली, कोयना, राधानगरी इथल्या जंगलात पावसाळ्यात रात्री पातेरा चाळत बसणारे कितीजण? ती माणसाजवळच राहते असं यावरून म्हणता येत नाही, माणूस तिला स्वतःजवळच पाहतो एवढंच म्हणता येतं.

मी आंबोलीला दहा-बारा पावसाळे रात्री हिंडलो आहे, बेडकांसाठी. गोम चमकलेली पाहिली नाही. पण प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या डोक्याला पूर्णवेळ विजेरी असते. विजेरीच्या उजेडात हिचा उजेड दिसणारच नाही. त्यामुळे माझं "नाही" हे खरं "नाही" धरू नका. सड्याबद्दलही हेच विचारतो : तुम्ही दगड दिवसा उलटले की रात्री?

---

सड्याखालची | १२ जुलै, रात्री ११:५५

@सह्यशिखर, दिवसा. हा प्रश्न मला तीन वर्षांत सुचला नव्हता, मनापासून आभार.

आज संध्याकाळी पाऊस उघडल्यावर नवऱ्याला सोबत घेऊन गेले. विजेरी बंद करून दहा मिनिटं नुसते उभे राहिलो, डोळे सरावेपर्यंत. मग चिरे हलवले. कातळावर काही नाही. पण सड्याच्या खालच्या अंगाला एक पडका मांगर आहे, वीस वर्षांपासून कुणी राहत नाही. छप्पर केव्हाच गेलं, भिंतीच्या आत माती साचून त्यात आंब्याचं झाड आलंय. तिथे चौथऱ्याचा एक चिरा सरकवला आणि खाली उजेड. दोन होत्या.

म्हणजे सड्याकडची पहिली नोंद मिळाली, पण ती जिथे माणूस एकदा राहून गेला त्याच जागेवर. @तांबडी_माती आणि @सह्यशिखर, दोघांच्याही बाजूने वापरता येईल अशी नोंद आहे ही! घर सोडून वीस वर्षं झाली, चुलीची राखही उरली नाही, आणि ही अजून तिथे आहे. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

---

रानमांजर | १३ जुलै, सकाळी ६:५०

काजव्याच्या अळीचा माझा आग्रह मागे घेतो. मांगरातली नोंद वाचून अंगावर काटा आला. पट्टा पाहिलात का?

---

सड्याखालची | १३ जुलै, सकाळी ७:३०

पाहिला. दोघींच्याही पाठीवर होता. फोटो काढले आहेत, आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) ठिकाणासकट टाकते.

---

मोगरा_अबोली | १३ जुलै, दुपारी ४:०५

फक्त वाचत होते, आता लिहावंच लागेल. पुणे, कोथरूड, चौथा मजला. मे महिन्यात चिपळूणहून मावशीने अबोलीची रोपं दिली, मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून. परवा हा धागा वाचून रात्री बाल्कनीतला दिवा घालवला आणि कुंडीच्या खालची ताटली उचलली. ताटलीला चिकटून एक होती. उचलताना दबली असावी, ताटलीच्या कडेला हिरवी रेघ उमटली. यजमान, मुलगा, शेजारच्या काकू, सगळे काळोखात उभे.

शेजारच्या, इथल्याच रोपवाटिकेतून आणलेल्या दहा कुंड्या पाहिल्या. त्यांत नाही.

आता काय करू? ठेवू की परत पाठवू?

---

तांबडी_माती | १३ जुलै, दुपारी ४:३०

चौथा मजला! एकेबर्ग कप्तानाला कळवायला हवं.

---

भिंगवाला | १३ जुलै, रात्री ९:१५

@मोगरा_अबोली, कुंडीतून बाहेर, बागेत किंवा टेकडीवर सोडू नका, ही विनंती. पुण्यात ती रुजेल का हा भाग वेगळा, पण एका ठिकाणचा प्राणी दुसरीकडे आपण होऊन सोडू नये. कुंडीत राहू दे. ताटलीत पाणी साचू देऊ नका, माती मात्र ओलसर ठेवा, वर थोडा पालापाचोळा. मेली तर टाकू नका. छोट्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला : चिपळूणहून आलेली माती, पुण्यात सापडली, तारीख. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे असा नमुना दाखवता येईल. तिथे ओठही तपासता येईल.

---

सड्याखालची | १३ जुलै, रात्री १०:४०

@मोगरा_अबोली, मावशींकडे रोपं कुठे लावलेली होती, तेवढं विचाराल? वाडीत, अंगणात, की गडग्याच्या कडेला? आणि त्यांच्याकडे कुणाकडून आली होती?

---

मोगरा_अबोली | १३ जुलै, रात्री ११:२०

आत्ताच फोन केला. विहिरीच्या कडेला, पोफळीखाली. मूळ रोप तिला लग्नात सासरच्या शेजारणीने दिलेलं, गुहागरहून आणलेलं.